सीईची खूण नसलेला कीबोर्ड: घ्यायचा का, आणि घेतलाच तर काय तपासायचं

गेल्या नोव्हेंबरात भाच्याचा फोन आला. तो आइंडहोवनला असतो, मी जर्मनीत, नुरेंबर्गजवळ.

"मावशी, सीई कितीला मिळतं?"

कोथिंबिरीची जुडी कितीला, तसं विचारलं पठ्ठ्यानं. झालं होतं असं की त्यानं मनगटदुखीवर उपाय म्हणून स्वतःपुरता दोन तुकड्यांचा कीबोर्ड बनवला होता. डाव्या हाताचा वेगळा, उजव्या हाताचा वेगळा, मध्ये एक वायर. ऑफिसातल्या चौघांनी तसाच मागितला, मग त्यांच्या मित्रांनी. आता तीस जणांची यादी तयार होती, आणि त्यातल्या एकानं खोचक प्रश्न टाकला होता: याच्या तळाला सीईची, म्हणजे युरोपचे नियम पाळल्याचं सांगणारी, खूण का नाही?

प्रश्न आला मात्र योग्य ठिकाणी. पुण्यात असताना मी नऊ वर्षं गाड्यांच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या ईएमसी टेस्ट घेतल्या, वायपरच्या मोटरपासून स्पीडोमीटरपर्यंत. इथेही पोटापाण्याचा उद्योग तोच: एखादं यंत्र हवेत किती विद्युतचुंबकीय कचरा फेकतं ते मोजायचं. शिवाय मी स्वतः असाच बिनखुणेचा कीबोर्ड वापरते, हेही त्याच्यावरच टाइप करतेय. तर भाच्याला फोनवर जे दोन तास सांगितलं ते इथे लिहून ठेवते. घेणाऱ्यांसाठी जास्त, विकणाऱ्यांसाठी थोडं.

आधी ती खूण काय सांगते ते समजून घ्या

सीई मिळत नाही. सीई लावायची असते.

आपल्याकडची सवय वेगळी आहे, म्हणून गोंधळ होतो. भारतात बीआयएसकडे नोंदणी करावी लागते, नंबर येतो, तो वस्तूवर छापावा लागतो. २०१२ साली इलेक्ट्रॉनिक वस्तूंसाठी सक्तीच्या नोंदणीची पहिली यादी निघाली, तिच्यात वायरलेस कीबोर्ड होताच. त्यामुळे आपल्याला वाटतं की ब्रुसेल्सला कुठेतरी एक खिडकी असेल, तिथे कीबोर्ड नेऊन द्यायचा, साहेब तपासून शिक्का मारणार. साध्या कीबोर्डसाठी अशी खिडकी नाही. बनवणारा स्वतः तपासतो किंवा लॅबकडून तपासून घेतो, स्वतः कागदपत्रं करतो, 'नियम पाळलेत' असं सांगणाऱ्या एका पानाच्या जाहीरनाम्यावर स्वतः सही करतो आणि स्वतःच ती दोन अक्षरं छापतो, किमान ५ मिलिमीटर उंचीची. सही करणाऱ्याचं नाव आणि पत्ता त्यात येतो. खोटं निघालं तर मान त्याची. टीयूव्हीसारख्या संस्था 'जीएस' नावाची खूण देतात, ती वेगळी. तिथे खरंच तिऱ्हाईत तपासतो. पण ती ऐच्छिक असते, आणि तीस कीबोर्ड बनवणारा माणूस त्या वाटेला जात नाही.

दुसरा गैरसमज शॉकचा. "खूण नाही म्हणजे करंट लागेल का?" असं मला आजवर निदान पाच जणांनी विचारलंय. यूएसबीवर ५ व्होल्ट असतात. युरोपचा विद्युत सुरक्षेचा कायदा, म्हणजे लो व्होल्टेज डायरेक्टिव्ह, डीसीच्या बाबतीत ७५ व्होल्टला सुरू होतो. वायरवाला कीबोर्ड त्याच्या आसपासही फिरकत नाही. त्याला लागतात दोन कायदे. एक ईएमसीचा, क्रमांक २०१४/३०: दुसऱ्यांच्या यंत्रांना त्रास देऊ नका आणि दुसऱ्यांच्या त्रासानं कोलमडू नका. दुसरा आरओएचएस, २०११/६५: शिसं, कॅडमिअम वगैरे दहा पदार्थ मर्यादेबाहेर नकोत.

कीबोर्डमध्ये ब्लूटूथ आलं की मात्र डाव बदलतो. मग ईएमसीचा कायदा बाजूला राहतो आणि रेडिओ उपकरणांचा, २०१४/५३, लागू होतो. त्यात सुरक्षेचीही अट आहे आणि तिला व्होल्टेजची खालची मर्यादाच नाही. म्हणजे ३.७ व्होल्टच्या बॅटरीचीसुद्धा सुरक्षा सिद्ध करायची. वायरवाला आणि बिनवायरचा हे दिसायला जुळे भाऊ, पण कागदाच्या ओझ्यात जमीन-अस्मानाचा फरक. ही एक गोष्ट लक्षात ठेवलीत तरी अर्धं काम झालं.

आणि हो, "ती खूण सीई नाही, 'चायना एक्स्पोर्ट' आहे" ही व्हॉट्सॲपवरची विद्या सोडून द्या. तशी कुठली खूण नाही. अक्षरं चिकटून छापली असतील तर ती चुकीची छापलेली सीई असते, एवढंच. ज्याला अक्षरांमधलं अंतर पाळता आलं नाही त्यानं टेस्ट पाळली असेल का, हा संशय मात्र रास्त आहे.

मग हे लोक खूण का लावत नाहीत

आळस हे कारण फार कमी वेळा असतं. बहुतेक वेळा हिशेबच बसत नाही. समजा लॅबचा खर्च तीन हजार युरो आला. तीन हजार नग बनवणाऱ्याला तो नगामागे एक युरो पडतो, भाच्याला शंभर. आणि त्याचा कीबोर्ड मुळात एकशेचाळीसला जाणार होता.

पण पैशाहून मोठी अडचण दुसरी आहे, आणि ती या छंदाच्या स्वभावातच आहे. मोठ्या कंपनीचा कीबोर्ड म्हणजे एक वस्तू. कॉर्न, लिली५८, सोफल, फेरिस ही दोन तुकड्यांच्या कीबोर्डांची नावं ऐकली असतील, ते मात्र वस्तू नसून आराखडे आहेत. आराखडा इंटरनेटवर मोकळा असतो. कोणी चीनमधल्या शेन्झेनमधून पीसीबी, म्हणजे सर्किटची पाटी, छापून आणतं, दुसरं कोणी ते सुट्या भागांसह विकतं, घेणारा घरी सोल्डरिंग करतो. कंट्रोलर, म्हणजे कीबोर्डचा मेंदू, त्याच्या मनाचा: जुना प्रो मायक्रो, नाहीतर आरपी२०४० वाला, नाहीतर ब्लूटूथचा. केस त्याच्या मनाची: थ्रीडी प्रिंटरवरचं प्लास्टिक किंवा ॲल्युमिनियम. रंगीत दिवे हवेत का नकोत, तेही त्याच्या मनावर. दोन तुकड्यांमधली वायर वीस सेंटिमीटरची की दोन मीटरची, तेही. फर्मवेअर, म्हणजे कंट्रोलरमधलं सॉफ्टवेअर, तर रोज रात्री बदलणारे लोक आहेत, मी त्यांतलीच. आता सांगा, लॅबमध्ये नेमकं काय ठेवायचं? यातली प्रत्येक निवड निकाल बदलते. आणि 'उत्पादक' म्हणून सही कोणी करायची? आराखडा काढणाऱ्यानं, पीसीबी छापणाऱ्यानं, पिशवीत भाग भरून विकणाऱ्यानं, की सोल्डर मारणाऱ्यानं? कायद्याच्या दृष्टीनं उत्तर आहे: जो आपल्या नावानं बाजारात आणतो तो. पण मग त्यानं ठरावीक रचना ठरवून विकायला हवी, आणि तसं केलं तर गिऱ्हाईक म्हणतं, मला दुसरा कंट्रोलर हवा.

'किट म्हणजे कीबोर्ड नाही' ही सबब सर्रास ऐकू येते. अर्धवट खरी आहे. कंट्रोलर नसलेला नुसता पीसीबी स्वतःहून काहीच करत नाही, म्हणून बरेच दुकानदार तेवढंच विकतात आणि कंट्रोलर दुसरीकडून आणायला सांगतात. पण सगळं सामान एका खोक्यात घालून "जोडा आणि वापरा" म्हटलं की पळवाट बंद होते. किटची सूट हॅम रेडिओवाल्यांसाठी आहे. कीबोर्डवाले तो परिच्छेद मला दाखवतात तेव्हा हसू आवरत नाही.

याची सगळ्यात गाजलेली गोष्ट कीबोर्डची नाही, रास्पबेरी पाय या छोट्याशा संगणकाची आहे. २९ फेब्रुवारी २०१२ ला विक्री सुरू झाली. बनवणाऱ्यांची समजूत होती की हा उघडा बोर्ड, प्रयोग करणाऱ्यांचं खेळणं, त्याला सीई कशाला. वितरकांनी हात वर केले: खुणेशिवाय आम्ही पाठवणार नाही. मग साऊथ वेल्समधल्या पॅनासॉनिकच्या लॅबमध्ये टेस्ट झाल्या, एप्रिलमध्ये पास झाला, तेव्हा कुठे माल सुटला. त्यांच्यामागे लाखांची मागणी होती म्हणून ते निभावलं. तीस जणांच्या यादीमागे कुठली लॅब धावणार?

त्यात नियम वरचेवर घट्ट होतायत. १६ जुलै २०२१ पासून सीई लागणाऱ्या बहुतेक वस्तूंसाठी युरोपात एक जबाबदार पत्ता असावा लागतो, विकणारा अमेरिकेत किंवा जपानात असला तरी. १३ डिसेंबर २०२४ पासून नवा सर्वसाधारण सुरक्षा नियम आला आणि असा पत्ता जवळपास सगळ्याच ग्राहकोपयोगी वस्तूंना लागू झाला. एका माणसाच्या कितीतरी दुकानांनी तेव्हा युरोपचं नाव यादीतूनच काढलं. डिसेंबर २०२७ मध्ये सायबर रेझिलियन्स ॲक्ट पूर्ण लागू होईल, मग फर्मवेअरचाही हिशेब द्यायचा. आणि जर्मनीत विकायचं तर ई-कचऱ्यासाठी 'स्टिफ्टुंग ईएआर'कडे ब्रँडची वेगळी नोंदणी, खोक्यासाठी पॅकेजिंगच्या रजिस्टरात वेगळी. हो, पुठ्ठ्याच्या खोक्यासाठी. दुसऱ्या देशातून विकत असाल तर ई-कचऱ्यासाठी इथला प्रतिनिधी नेमावा लागतो. सीईपेक्षा याच गोष्टीला लोक जास्त टेकीला येतात, पण त्याची खूण कोणी तळाला शोधत नाही.

मागवण्याआधी

माझी स्वतःची फजिती सांगते म्हणजे तुमची टळेल. युरोपबाहेरच्या एका छोट्या विक्रेत्याकडून मी ब्लूटूथचा तयार कीबोर्ड मागवला होता. तीन आठवड्यांनी कस्टममधून पत्र: बिल घेऊन या. गेले. काउंटरवरच्या बाईंनी माझ्यासमोर खोकं उघडलं, कीबोर्ड बाहेर काढला आणि मंडईत वांगं उलटून देठ बघतात तसा उलटा केला. तळ कोरा. खोक्यात जाहीरनामा नाही, पत्ता नाही, बॅटरीवर अक्षर नाही. मी ईएमसीवाली, मला सगळं माहीत, तरी त्या काउंटरसमोर उभी राहून "हॉबीसाठी आहे हो" एवढंच म्हणाले. बाई अगदी सौजन्यानं म्हणाल्या की रेडिओ असलेली वस्तू खुणेशिवाय आत येत नाही, परत पाठवायची की नष्ट करायची ते सांगा. परत पाठवली. पैसे यायला चार महिने लागले, तेही टपालखर्च वजा जाऊन. चूक माझीच: विकणाऱ्याला एक ईमेल टाकला असता तर हे टळलं असतं.

तर तो ईमेल टाका. विचारायचं एवढंच: जाहीरनामा आहे का, असेल तर पाठवा. आत रेडिओ आहे का. बॅटरी तुम्ही देता की मी आणायची. पीसीबीवर शिशाचं एचएएसएल (तांब्यावर चढवलेला सोल्डरचा थर) आहे की बिनशिशाचं. शेवटच्या प्रश्नावर समोरचा काय बोलतो त्यावरून मी माणूस ओळखते. पीसीबी छापून देणाऱ्या स्वस्त कारखान्यांच्या फॉर्मवर बऱ्याचदा शिशाचा पर्याय आधीपासून निवडलेला असतो, तो हातानं बदलावा लागतो. ज्यानं बदललाय त्याला ते आठवतं. "ते काय असतं?" असं उत्तर आलं तर बाकीच्या उत्तरांवरही फार विसंबू नका. हातानं जोडून विकणारा कुठली सोल्डर वापरतो तेही विचारा. ६३/३७ ची सोल्डर वितळायला लोण्यासारखी, नवशिक्यांची लाडकी, पण तिच्यात ३७ टक्के शिसं, आणि आरओएचएसची मर्यादा आहे ०.१ टक्का. घरी स्वतःसाठी जोडताना ती वापरलीत तर तो तुमचा प्रश्न, फक्त ओट्यावर जोडू नका आणि पोळीला हात लावण्याआधी साबणानं धुवा.

जाहीरनामा आला तर वाचा. एकच पान असतं. मॉडेलचं नाव तुमच्या कीबोर्डचंच आहे ना, कायद्यांचे आकडे आहेत ना (वायरवाल्याला २०१४/३० आणि २०११/६५, ब्लूटूथवाल्याला २०१४/५३ आणि २०११/६५), वायरवाल्याच्या मानकांत ईएन ५५०३२ आणि ईएन ५५०३५ दिसतात ना, खाली नाव, गाव, तारीख, सही आहे ना. ब्लूटूथवाल्यांचं एक नेहमीचं उत्तर असतं: "आतलं मॉड्यूल सर्टिफाइड आहे." चांगलंच आहे, रेडिओचं बरंचसं काम त्यानं हलकं होतं. पण पीठ एफएसएसएआयचं म्हणून भजी आपोआप पास होत नाहीत. तयार वस्तूची सही वेगळी लागते.

ऑफिसात नेणार असाल तर आयटीवाल्यांना आधी विचारा. जर्मनीत तरी स्वतःची उपकरणं विचारल्याशिवाय नेत नाहीत, आणि विचारल्यावर पहिला प्रश्न खुणेचाच येतो.

हातात आल्यावर

बॅटरी असेल तर सगळ्यात आधी ती. माझ्या मते बिनखुणेच्या कीबोर्डमध्ये खरोखर भिण्यासारखी गोष्ट ही एकच. लिथियम पॉलिमरची पाऊच बॅटरी बोटाच्या पेराएवढी असते आणि कंट्रोलरच्या खाली दडपलेली असते. टोकाशी पिवळ्या टेपखाली चिंचोळी हिरवी पट्टी दिसते का बघा, तो संरक्षणाचा सर्किट. नसेल तर बॅटरी बदला. तिच्या पोटावर सोल्डर केलेल्या पायांची टोकं टोचत नाहीत ना ते बघा. मी अशी टोकं सपाट कापून मध्ये कॅप्टॉन नावाची वीजरोधक टेप लावते. मग मल्टिमीटर घ्या. त्या छोट्या पांढऱ्या कनेक्टरमध्ये लाल कुठल्या बाजूला आणि काळी कुठल्या, याचं सर्वमान्य प्रमाण नाही. एकाच चणीच्या दोन बॅटऱ्या उलट्या वायरिंगच्या मिळतात. रंगावर भरवसा ठेवून जोडली की कंट्रोलर गेला, कधी बॅटरीही गरम होते. आणि काही कंट्रोलरवर एक जम्पर, म्हणजे दोन ठिपक्यांमधला दुवा, जोडला की चार्जिंग १०० वरून ५०० मिलिॲम्पिअरवर जातं. ११० मिलिॲम्पिअर-अवरच्या बॅटरीला ५०० चं चार्जिंग म्हणजे कपात बादली ओतण्यासारखं. जम्पर जोडलेला नाही याची खात्री करून घ्या.

वायरवाल्याला हे काही नाही. तिथे यूएसबीच्या तोंडाजवळ भिंग धरा. चार किंवा सहा पायांचा तिळाएवढा काळा भाग दिसला तर तो स्थिर विजेपासून वाचवणारा. त्याच्या शेजारी हिरवट किंवा काळा चपटा फ्यूज असेल तर फारच छान. इथल्या हिवाळ्यात लोकरीचा स्वेटर काढून कीबोर्डला हात लावला की ठिणगी उडते. मानक म्हणतं की धातूला थेट ४ किलोव्होल्ट आणि हवेतून ८ किलोव्होल्टचा झटका बसला तर यंत्र क्षणभर गडबडलं तरी चालेल, पण आपलं आपण सावरलं पाहिजे. वायर काढून परत लावावी लागली तर नापास. ही परीक्षा जानेवारीत घरबसल्या होते. फ्यूज महत्त्वाचा तो दिव्यांमुळे: एक रंगीत एलईडी पूर्ण पांढरा पेटवला की चाळीसेक मिलिॲम्पिअर ओढतो. ४२ बटणांखाली ४२ दिवे म्हणजे दीड ॲम्पिअरच्या वर, आणि साध्या यूएसबी पोर्टकडून हक्कानं मागता येतात ते ५०० मिलिॲम्पिअर. फर्मवेअरमध्ये उजेडाला लगाम घातलेला असतो. तो काढू नका.

दोन तुकड्यांमधली वायर हेडफोनसारख्या पिनेची असेल तर एक पथ्य कायमचं: यूएसबी लावलेली असताना ती कधीही ओढू नका आणि खुपसू नका. पीन आत सरकताना पाच व्होल्टची कडी भलत्याच तारेला शिवून जाते आणि कंट्रोलर जातो. मी एक घालवलाय. भाच्यानं दोन.

आता माझी आवडती परीक्षा. जुना एफएम रेडिओ घ्या, ९६.० मेगाहर्ट्झवर लावा. तुमच्या गावात तिथे स्टेशन लागत असेल तर ही परीक्षा बाद, नुसती सुंई-सुंई येत असेल तर पुढे चला. ९६ च का? या कंट्रोलरांची क्रिस्टल असतात १२, १६ किंवा ३२ मेगाहर्ट्झची, यूएसबीचं घड्याळ ४८ चं, आणि या सगळ्यांच्या पाढ्यात ९६ येतो. रेडिओ दोन तुकड्यांमधल्या वायरीजवळ न्या, कीबोर्ड लावा, काढा, परत लावा. कीबोर्ड लावल्यावर भुणभुण सुरू झाली तर कळलंच. पण सुंई-सुंई एकदम गप्प झाली तर हुरळू नका. एफएममध्ये कोरी लहर आली की आवाज बंद पडतो. ती शांतताच सांगते की कीबोर्ड स्टेशन झालाय. वितीवर असं झालं तर काही बिघडत नाही. खोलीच्या दुसऱ्या टोकाला होत असेल तर वायर आखूड करा, तिच्यावर जुन्या मॉनिटरच्या केबलचा फेराइटचा गोळा चढवा, आणि पुन्हा ऐका. हे मोजमाप नव्हे, नुसता नाडी बघण्याचा प्रकार आहे.

भाच्याचा कीबोर्ड चेंबरमध्ये

डिसेंबरात तो कीबोर्ड घेऊन माझ्याकडे आला. बॉसनं संध्याकाळी पाचनंतर लॅबमधलं चेंबर दीड तास वापरू दिलं, या बोलीवर की निकालाचा कागद कुणाला द्यायचा नाही.

चेंबर, म्हणजे बाहेरच्या रेडिओलहरी अडवणारी टेस्टची खोली, त्यानं पहिल्यांदाच पाहिली. भिंतीभर निळे टोकदार सुळके, दाराच्या कडेला तांब्याच्या पातळ पट्ट्यांची झालर, दार लावलं की मोबाइल मेलेला. मध्ये ८० सेंटिमीटर उंचीचं लाकडी टेबल, खालून गोल फिरणारं. तीन मीटरवर अँटेना, एक ते चार मीटर वर-खाली होणारी. टेबलावर लॅपटॉप, कीबोर्डचे दोन तुकडे, मधली वायर नीट ताणून ठेवली. आम्ही बाहेर येऊन स्क्रीनसमोर बसलो. घरगुती वापराची मर्यादा तीन मीटरवर २३० मेगाहर्ट्झपर्यंत ४० डेसिबल, तिथून पुढे ४७. लाल आडवी रेघ, आणि तिच्याखाली हिरवं गवत वाढत निघालं. ३० ठीक, ५० ठीक, ७० ठीक, आणि ९६ ला एकच काडी सरळ रेघेच्या वर. ४५ डेसिबल.

"हे काय?"

"तुझी वायर," मी म्हटलं. "केवढी आहे?"

"ऐंशी सेंटिमीटर."

९६ मेगाहर्ट्झच्या लहरीचा चतुर्थांश ७८ सेंटिमीटर होतो. इतकी अचूक अँटेना मुद्दाम बनवायची म्हटली तरी बनली नसती. फेराइट चढवला, ४१. मग त्यानं तिथेच बॅगेतून सोल्डरिंगची पेन काढली आणि दोन्ही तुकड्यांत डेटाच्या तारेवर शंभर ओहमचा रेझिस्टर मध्ये घातला, म्हणजे सिग्नलच्या कडा जरा बोथट होतात. ३४. रेघेच्या सहा खाली. तो खुर्चीतून उडालाच. दोन रेझिस्टर आणि एक फेराइटचा गोळा, सगळं मिळून युरोभराचं सामान.

मग मी बॅगेतला त्याचा दुसरा कीबोर्ड ठेवायला लावला. तोच पीसीबी, वेगळा कंट्रोलर, ॲल्युमिनियमची केस, दिवे चालू. ९६ ची काडी आता नव्हतीच. १४४ च्या आसपास दोन नव्या उगवल्या होत्या, दोन्ही रेघेच्या वर. त्याचा चेहरा पाहण्यासारखा झाला.

"मग सही मी कशावर करायची?"

हाच तो प्रश्न. घरी येऊन थालीपीठ खाता खाता त्यानं ठरवलं की एकच रचना विकायची: वायरवाली, बिनदिव्यांची, प्लास्टिकच्या केसची, वीस सेंटिमीटरच्या सोल्डर केलेल्या वायरीची. पीसीबी बिनशिशाचा, सोल्डरही तशीच. एक नमुना खऱ्या लॅबमध्ये द्यायचा, फाइल करायची: सर्किट, लेआउट, भागांची यादी, टेस्टचा अहवाल. ती शेवटचा नग विकल्यानंतर दहा वर्षं सांभाळायची. ज्यांना दिवे आणि ब्लूटूथ हवं त्यांना आराखडा फुकट, स्वतः छापून घ्या आणि जोडा. स्वतःसाठी बनवलेली, न विकलेली वस्तू बाजारात आणली असं होत नाही, तिला खूण नको. तिच्यामुळे शेजाऱ्याचा रेडिओ बिघडला तर बुंडेसनेट्झआगेन्टुरचा, म्हणजे रेडिओलहरींवर नजर ठेवणाऱ्या जर्मन सरकारी खात्याचा, माणूस तरीही दार वाजवू शकतो, हे मी त्याला सांगून ठेवलंय. यादी तीसवरून अकरावर आली. जर्मनीचे तेरा जण त्यानं आधीच वगळले, प्रतिनिधी आणि नोंदणीचा आकडा ऐकून.

काल परत फोन. तळाच्या लेबलचं डिझाइन चाललं होतं. सीई ५ मिलिमीटर, मॉडेलचं नाव, अनुक्रमांक, ई-कचऱ्याची काट मारलेली कचरापेटी, आणि उत्पादकाचं नाव व टपालाचा पूर्ण पत्ता. तिथे गाडी अडली होती.

"मावशी, माझा भाड्याचा फ्लॅट आहे, मार्चमध्ये सोडतोय. तुझा पत्ता टाकू?"

नाही म्हटलं.